पाठ्यपुस्तकांतील पक्षपात आणि दलित पालक

'शाळेत राजकारण आणू नका' हा उपदेश आपल्याकडे जुना आहे आणि तो नेहमी एकाच दिशेने केला जातो. उद्देशिका वाचून झाल्यावर एखाद्या शिक्षकाने जातीचा प्रश्न काढला तर ते राजकारण ठरते. खिचडी वाढताना एखाद्या मुलाच्या ताटात हात उंच धरून वाढले गेले आणि त्याच्या आईने शाळेत येऊन जाब विचारला, तर तेही राजकारणच. मात्र प्रार्थनेत कोणत्या देवाचे नाव घ्यायचे, स्नेहसंमेलनात कोणते नाटक बसवायचे, कोणाच्या जयंतीला तासभर भाषणे आणि कोणाच्या जयंतीला पाच मिनिटांत हार घालून मोकळे व्हायचे, या सगळ्याला कोणी राजकारण म्हणत नाही. त्याला संस्कार म्हणतात. पक्षपात या शब्दात पक्ष आहे म्हणून तो केवळ राजकीय पक्षांचा असतो, असे समजण्याचे कारण नाही. सरकारे बदलली की इतिहासाच्या पुस्तकातील चार पाने बदलतात. २०१७ मध्ये बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात मुघल आक्रसले, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. ते आवश्यकच होते. पण सरकार कोणाचेही असो, जो पक्षपात बदलत नाही, त्याच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. हा पक्षपात समजून घ्यायचा तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो. सार्वजनिक शाळेत ज्या 'पालकां'च्या भावनांची कदर केली जाते, ते पालक कोण? आणि दलित पालक या व्यवहारात कोठे उभा आहे?

१८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. प्रवेश नाकारला गेला. मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ रोजी त्यावर जो निर्णय दिला त्याचा आशय असा की, न्याय या मुलाच्या बाजूला आहे खरा, पण त्याला आत घेतले तर शाळा बाकीच्या बहुसंख्य लोकांच्या उपयोगाची राहणार नाही. हा कागद बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात साक्षीला काढला आहे. शाळा उपयोगाची राहणार नाही म्हणजे नेमके काय होणार होते? भिंती पडणार नव्हत्या, पंतोजी पळून जाणार नव्हते. सवर्ण पालक आपली मुले काढून घेतील, एवढाच त्याचा अर्थ. त्या महार मुलाच्या मागेही कोणी आई-बाप असतीलच. परंतु सरकारच्या हिशेबात ते पालक नव्हते, केवळ अर्जदाराचे नातलग होते. १८५८ मध्ये कंपनीच्या विलायतेतील संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत असे कळवले. १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व मान्य केले, मात्र त्याचा अंमल जपून करावा असे सुचवून. कोणाला जपून? हा प्रश्न आयोगाला पडला नाही.

त्याच आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू देत नाहीत म्हणून ती सगळ्याच शाळांतून बाहेर राहतात, आणि त्यांच्यासाठी सरकारने काढलेल्या वेगळ्या शाळा फक्त मोठ्या गावांत आहेत, असे त्यांनी सांगितले. पुण्यात या लोकांची वस्ती पाच हजारांवर, शाळा एक आणि तीत मुले तीसहून कमी, हा हिशेब त्यांनी आयोगापुढे ठेवला. 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा त्यांनी १८६९ मध्येच रचला होता. म्हणजे शाळेची भिंत आणि शाळेतला मास्तर हे दोन्ही राजकारणाचे विषय आहेत, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्या दंडाची आठवण हल्ली कौतुकाने काढतात. मला त्यातली एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडून दंड घ्यायचा, त्याला निदान पालक म्हणून मोजावे लागते.

स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात याची दुसरी बाजू आहे. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. दलित वर्ग पोटासाठी सनातन्यांवर अवलंबून आहेत, त्यांच्याच जमिनी कसतात, त्यांच्याच शेतावर राबतात, म्हणून हक्क असूनही तो बजावता येत नाही, हे त्या अहवालाचे म्हणणे. शाळेच्या फाटकाशी आलेला पालक आणि पाटलाच्या शेतावर राबणारा मजूर एकच असेल, तर तो मास्तरांशी कोणत्या आवाजात बोलेल? आपल्या आत्मकथनांत हा आवाज जागोजागी नोंदला गेला आहे. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे, 'अक्करमाशी' १९८४ चे. या पुस्तकांची चर्चा वेदना, विद्रोह आणि भाषा या अंगांनी भरपूर झाली. पालक आणि शाळा यांच्या संबंधाचे दस्तऐवज म्हणून ती अजून वाचून व्हायची आहेत. 'अक्करमाशी'त मुलाला शाळेत घालायचे म्हटल्यावर बापाचे नाव काय लावायचे हाच पेच उभा राहतो. पाटी हातात येण्याआधी शाळा त्या आईला जो पहिला प्रश्न विचारते, त्यात अख्खी समाजव्यवस्था उभी असते. समीक्षकांनी त्या प्रश्नात लेखकाची अस्मिता पाहिली. त्या आईला पालक म्हणून त्या क्षणी काय उत्तर उपलब्ध होते, हे फार थोड्यांनी विचारले.

हे सगळे जुने झाले असे म्हणणाऱ्यांसाठी अंड्याचा प्रश्न पुरेसा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये शासनाने स्पष्ट केले की ज्या शाळेत चाळीस टक्क्यांहून अधिक पालकांचा विरोध असेल तेथे अंडी दिली जाणार नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये तर शासनाने अंड्यासाठी पैसे देणेच थांबवले. लोकसहभागातून जमत असेल तर द्या, असे शाळांना सांगण्यात आले. यातले गणित पाहा. एखाद्या शाळेत शंभरांपैकी पन्नास-पंचावन्न पालकांना मुलाच्या ताटात अंडे हवे असले तरी उरलेल्यांच्या नकाराने ते जाणार. ज्याला नको त्याला केळे द्यावे, ही सोय करता येत होती आणि मूळ निर्णयात ती होतीही. पण शेजारच्या ताटात अंडे असणे हाच आक्षेप असेल तर केळ्याने भागत नाही. धारवाडला निदान बहुसंख्यांचे निमित्त होते, येथे बहुमताचीही गरज उरली नाही. चाळिसांचे म्हणणे भावना ठरते आणि साठांची भूक मागणी ठरते. भावनेपुढे शासन नमते, मागणीपुढे निधी नाही म्हणते. ज्या वस्त्यांतील मुले झेडपीच्या शाळेत त्या एका अंड्याची वाट पाहत होती, त्यांच्या पालकांनी मोर्चा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यांना दोष देण्याआधी त्यांची रोजंदारी कोणाकडे आहे, हे स्टार्ट समितीच्या भाषेत पुन्हा एकदा तपासावे.

येथवरचे विवेचन आपल्या वाचकांना पटायला जड नाही, कारण त्यात आरोपी दुसरा आहे. खरा प्रश्न पुढे आहे. दलित समाज शाळेच्या बाबतीत गप्प बसतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. तो रस्त्यावर उतरतो, सरकारला झुकायलाही लावतो. पण कशासाठी उतरतो, आणि तो उतरल्यावर हाती काय येते?

२०१२ चे व्यंगचित्र प्रकरण घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, अकरावीसाठी २००६ मध्ये संविधानावरील राज्यशास्त्राचे पुस्तक काढले. त्यात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू चाबूक उगारून उभे आणि भोवती लोक पाहताहेत. ११ मे २०१२ रोजी संसदेत गदारोळ झाला. मंत्र्यांनी माफी मागितली, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयावर काही कार्यकर्त्यांनी हल्ला केला.

त्या वेळी जे दोन पक्ष पडले, ते दोन्ही मला अपुरे वाटतात. पहिला पक्ष अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. या मंडळींनी दलितांना विनोदबुद्धी शिकवायला घेतली. बाबासाहेबांनी स्वतः ते चित्र पाहिले असेल आणि ते हसले असतील, असेही सांगितले गेले. असतील. पण १९४९ मधले बाबासाहेब कायदेमंत्री होते, मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आणि २०१२ मध्ये ते चित्र ज्या वर्गात उघडले जाणार होते, तेथे चाळीस मुलांत चार-पाच मुले अशी असतात की 'संविधान तुमच्या बापाने लिहिले' हा टोमणा त्यांनी मधल्या सुटीत ऐकलेला असतो. चित्र पुस्तकात निरागस असते, वर्गात नसते. ते कोण दाखवतो, दाखवताना कोणाकडे पाहतो, आणि हसण्याची सुरुवात कोणत्या बाकावरून होते, यावर त्याचा अर्थ ठरतो. पाठ्यपुस्तक हे एकांतात वाचायचे पुस्तक नव्हे. ते मोठ्याने, सर्वांसमोर, एका अधिकारी माणसाच्या देखरेखीखाली वाचायचे असते. हे भान त्या स्वातंत्र्यवाद्यांना नव्हते, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना वर्गात कधी पाहिले गेले नव्हते, त्यांनीच पाहिले होते.

दुसरा पक्ष आपला. चित्र काढा, पुस्तक मागे घ्या, लेखकांना शिक्षा करा. या पक्षाने पुस्तक वाचले नव्हते, असे मी स्पष्ट म्हणतो. वाचले असते तर सहा वर्षे थांबावे लागले नसते. चित्राशेजारी जो मजकूर होता तो संविधान तयार व्हायला इतका काळ का लागला हे समजावून देणारा होता. ९ डिसेंबर १९४६ ला बसलेल्या संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत, म्हणजे सुमारे तीन वर्षे, कलम न् कलम का घासून घेतले, याचे ते समर्थन होते. चित्राला ते उत्तर होते. उत्तर अपुरे आहे, चित्राखाली आणखी चार ओळी हव्यात, शिक्षकासाठी सूचना हवी, अशी मागणी करता आली असती. पण तसे करायला धडा उघडावा लागतो. घोषणा द्यायला चित्र पुरते.

आणि हाती काय आले? सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने राज्यशास्त्राच्या पुस्तकांतील या एका चित्राबरोबरच आणखी अनेक चित्रे आणि काही मजकूर काढण्याची वा बदलण्याची शिफारस केली. त्यांत पुढाऱ्यांवरची आणि नोकरशाहीवरची चित्रे होती. सभासदांपैकी एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्न मत नोंदवले. आपल्या दुखावलेपणाच्या आडून राज्यकर्त्यांनी स्वतःची थट्टा पुसून घेतली. बाबासाहेबांचा अपमान ज्या संसदेला एकमुखाने सहन झाला नाही, त्याच संसदेला राखीव जागांचा अनुशेष वर्षानुवर्षे सहन झाला, हेही येथे लिहून ठेवायला हरकत नाही.

यानंतर जे घडले त्याची बातमी आपल्या वस्त्यांत पोचली नाही. त्याच परिषदेच्या नववीच्या इतिहासात वस्त्रांच्या सामाजिक इतिहासावर एक प्रकरण होते. त्रावणकोरमधील शाणार, म्हणजे नाडार, स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी दिलेला लढा त्यात होता. १८५९ मध्ये तिथल्या राजाला त्यासाठी जाहीरनामा काढावा लागला होता. मजकुरातील समाजाच्या वर्णनावर तमिळनाडूत आक्षेप घेतले गेले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाने तो भाग परीक्षेतून वगळला आणि २०१९ मध्ये सगळे प्रकरणच पुस्तकातून गेले. आक्षेप काही ओळींना होता, गेला तो लढा. त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट होती. गांधींच्या पंचाची चर्चा करताना त्यात सांगितले होते की बाबासाहेबांनी विलायती सूट कधी टाकला नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दलितांनी कोट, बूट, मोजे घालून समाजात वावरणे ही स्वाभिमानाची राजकीय कृती होती. आपल्या प्रत्येक चौकात तो निळा सूट उभा आहे. तो सूट का, हे भारतभरच्या पोरांना सांगणारे पान निघून गेले, आणि एकाही चौकात सभा झाल्याचे मला आठवत नाही.

२०२२ मध्ये करोनाचे कारण आणि अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याचे निमित्त सांगून आणखी कात्री चालली. गुजरात दंगलींचा मजकूर गेला, मुघल दरबाराचे प्रकरण गेले. त्यावर देशभर चर्चा झाली. बारावीच्या स्वातंत्र्योत्तर राजकारणाच्या पुस्तकातून जनआंदोलनांवरचे एक अख्खे प्रकरण गेले. चिपको, शेतकरी संघटन, आंध्रातील दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायका, नर्मदा, आणि दलित पँथर. होय, १९७२ मध्ये मुंबईच्या चाळींतून उभी राहिलेली आपली पँथर राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात होती. तो भाग नामदेव ढसाळांच्या अनुवादित कवितेने सुरू होत असे. मणिपूरच्या, हरियाणाच्या, केरळच्या मुलाने शाळेच्या पुस्तकात ढसाळ वाचावेत, हे आपण कधी स्वप्नातही मागितले नव्हते. ते कोणीतरी आपण न मागता दिले होते, आणि जाताना आपण विचारलेही नाही. हे पुस्तक ज्यांच्या मुख्य सल्ल्याने झाले ते पळशीकर आणि यादवच होते. जून २०२३ मध्ये त्यांनी परिषदेला पत्र लिहून या छाटलेल्या पुस्तकांवरून आपली नावे काढा, असे कळवले. ज्यांच्या कार्यालयातल्या काचा आपल्या नावाने फुटल्या, तेच आपल्या इतिहासाचे पान गेले म्हणून आपली नावे मागे घेत होते.

आपल्यातील नोकरदारांनी या ठिकाणी थोडे थांबावे. ही दिल्लीची पुस्तके, आपल्या मराठी शाळांशी त्यांचा काय संबंध, असे म्हणण्याची सोय आता नाही. पहिल्या पिढीचा पदवीधर नोकरीला लागला की झेडपीची शाळा सोडतो आणि मुलाला केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळेत घालतो. त्याला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. इंग्रजीचा दरवाजा आपल्याला कोणी उघडून दिलेला नाही. पण त्यामुळे पँथरचे पान गमावलेली मुले नेमकी आपलीच आहेत. शाळेच्या फीची पावती तो बाप जपून ठेवतो. पालकसभेला जातो, टक्केवारी विचारतो, शिकवणी लावतो. पुस्तकात काय आहे हे विचारत नाही. त्याच्या बापाला वाचता येत नव्हते, याला येते.

दोन वर्षांनी हाच खेळ महाडला झाला. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी ठेवण्यात आला. शाळांना सुटी, लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम, आणि मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीता यांच्या पाठांतराची सूचना होती आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतील एक श्लोक. श्लोक वडीलधाऱ्यांना वंदन करण्याचा. वरून पाहता निरुपद्रवी, आणि कौशल्य त्यातच आहे. मनुस्मृतीतून कोणी शूद्राच्या कानात तापलेले तेल ओतण्याचे वचन उचलून लहान मुलांपुढे ठेवणार नाही. श्लोक गोडच निवडतात, आणि त्याच्याबरोबर ग्रंथाला प्रामाण्य मिळते. मोठ्यांना नमस्कार करावा हे आमच्या आयांनी मनू न वाचताच शिकवले होते. तेवढ्यासाठी त्याची साक्ष कशाला, हा प्रश्न महत्त्वाचा होता, आणि तो राज्यभर विचारला जाऊ लागलाही होता. २९ मे रोजी आमदार जितेंद्र आव्हाड यांनी चवदार तळ्यावर मनुस्मृती जाळण्याचे आंदोलन केले. त्या झटापटीत बाबासाहेबांचे छायाचित्र असलेला फलक फाडला गेला. त्यांनी लगेच माफी मागितली, पण तोवर विषय बदलला होता. ज्या पक्षांच्या सरकारात तो मसुदा तयार झाला, त्या पक्षांचे कार्यकर्ते बाबासाहेबांच्या प्रतिमेच्या अवमानाबद्दल रस्त्यावर उतरले. श्लोकाचे नाव मागे पडले, चित्र पुढे आले. २५ डिसेंबर १९२७ ला त्याच महाडात जे जाळले गेले तो ग्रंथ होता. बाबासाहेबांची लढाई मजकुराशी होती, आणि ती त्यांनी तो मजकूर वाचून केली होती.

प्रतिमेची राखण करू नये, असे मला म्हणायचे नाही. ज्या समाजाला पुतळ्याच्या विटंबनेतून गावोगाव धमकी दिली जाते, त्याने पुतळ्याकडे लक्ष ठेवलेच पाहिजे. १९९७ च्या जुलैत रमाबाई आंबेडकर नगरात काय झाले हे कोणी विसरलेले नाही. पण प्रतिमेचा पहारा हेच जर आपल्या पालकत्वाचे सर्वस्व झाले, तर समोरच्याला एक गोष्ट कळून चुकते. भिंतीवर तसबीर लावली, जयंतीला हार घातला, ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळला, की धड्याचे काहीही करता येते. साताऱ्याच्या शाळेतला बाबासाहेबांचा प्रवेशदिन राज्यात २०१७ पासून साजरा होतो. त्याच शालेय जीवनात ते गोणपाटावर वेगळे बसत होते, हे सांगणारे भाषण त्या दिवशी किती शाळांत होते, याची पाहणी आपल्या विद्यार्थ्यांनी करावी.

पालक म्हणून कायद्याने काय हातात आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तीत तीनचतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. धारवाडच्या अर्जदाराच्या बापाला जे मिळाले नाही ते, म्हणजे पालक हा दर्जा, कायद्याने येथे लिहून दिला आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत काय चालते हे आपण पाहतो. आपल्या वस्तीतील एक बाई समितीवर असते. सभा झाल्यावर रजिस्टर तिच्या घरी सहीसाठी येते. समितीचे काम शाळेवर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाचा हिशेब. अभ्यासक्रम हा तिचा प्रांत नाही, तो कायद्याने शैक्षणिक प्राधिकरणाकडे ठेवला आहे. मात्र तो संविधानाच्या मूल्यांना धरून असावा, असे २९ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. त्या मूल्यांची राखण कोणी करायची, ते लिहिलेले नाही. बालभारती १९६७ पासून पुस्तके काढते. पुस्तकाच्या आरंभी समितीची, अभ्यासगटाची, चित्रकाराची, निर्मिती अधिकाऱ्याची नावे छापलेली असतात. पालक म्हणून कोणाचे नाव तेथे मी पाहिलेले नाही.

पालकांनी मनावर घेतले तर शासन मागे येते, याचा ताजा दाखला समोर आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीची सक्ती आली. पालक, शिक्षक, लेखक आणि पक्ष एकत्र उठले, आणि २९ जूनला शासनाने दोन्ही निर्णय मागे घेतले. तो विरोध योग्यच होता. पण त्या विरोधाला शीर्षक मराठीचे होते, म्हणून ते पालक 'महाराष्ट्र' ठरले. मराठी शाळेत आज जी मुले उरली आहेत त्यांत आपली, आदिवासींची, भटक्यांची आणि मुसलमानांची किती आहेत, हे त्या सभांमधून क्वचित ऐकू आले.

दर रविवारी विहारात वंदना होते, मुले जमतात, तास-दीड तास काढता येतो. त्या वेळात इतिहासाचे, परिसर अभ्यासाचे, मराठीचे पुस्तक आणावे आणि कॉलेजात शिकणाऱ्या पोराने ते आयांना वाचून दाखवावे. कोणत्या धड्यात कोणाचे घर आहे, कोणाचे नाही. सफाई करणारी बाई चित्रात आहे तर तिला नाव दिले आहे का. गावाच्या वर्णनात वस्ती कोठे आहे. आक्षेप सापडला तर पान क्रमांक घालून अर्ज लिहावा, त्यावर समितीवरच्या बाईने सही करावी आणि सभेच्या इतिवृत्तात नोंद घ्यायला लावावी. मुख्याध्यापक म्हणतील की हा विषय समितीच्या कक्षेत बसत नाही. तेही इतिवृत्तात लिहून घ्यावे. आवडलेल्या धड्याबद्दलही असाच अर्ज करावा, कारण तो धडा काढला जाईल तेव्हा तो आपल्याला हवा होता याचा कागद लागेल. नव्या आराखड्यानुसार पहिलीची पुस्तके २०२५ च्या जूनमध्ये शाळांत आली. पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्याने यायची आहेत.